न चावणारे मुडदे

निमकरसरांच्या सिनेमात सतरा मुडदे होते आणि त्यांतला एकही कोणाला चावला नाही. सिनेमा एक तास पन्नास मिनिटांचा. त्यात रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही, पळापळ तर नाहीच नाही. सगळ्यात वेगवान प्रसंग म्हणजे एका बाईचं दूध उतू जातं. तोही सर काढून टाकणार होते. "जरा भडक होतंय," असं त्यांचं मत होतं.

सर विश्रांतवाडीला आमच्याच सोसायटीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायचे. चौतीस वर्षं त्यांनी एका ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घेतली. लंबक हलवायचा, वीस हेलकावे मोजायचे, वेळ लिहायची, पुन्हा हलवायचा. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस एक तर घड्याळ फेकून देतो, नाहीतर घाई नावाची गोष्टच त्याच्या डोक्यातून निघून जाते. सरांचं दुसरं झालं होतं. लिफ्ट येऊन तिचं दार उघडलं, तरी ते क्षणभर तिच्याकडे बघत उभे राहायचे. तोवर दार मिटायचं आणि लिफ्ट निघून जायची. "येईल परत," असं म्हणून ते पुन्हा बटण दाबायचे. मागे उभं राहून ऑफिसची बस चुकवणाऱ्यांत मी दोनदा होते.

बोलणंही तसंच. वाक्याच्या मध्यावर थांबून ते कुठेतरी बघत राहायचे, आणि आपल्याला वाटायचं, संपलं. आपण "बरंय सर, येते" म्हणून चार पायऱ्या चढावं, तर खालून उरलेलं वाक्य यायचं. निमकरकाकू सांगायच्या, "मला बघायला आले, तेव्हा यांनी होकार कळवायला इतका वेळ लावला, की आमच्या आईने मधल्या मधे आणखी दोन स्थळं बघून घेतली." ती दोन्ही बरी होती, हेही त्या सांगायच्या. सर समोर असताना सांगायच्या.

सिनेमाची गोष्ट मला त्यांनी जिन्यातच सांगितली. माझ्या हातात भाजीच्या दोन पिशव्या होत्या.

"मेलेली माणसं परत येतात," सर म्हणाले.

"भुतं?"

"छे. भुताला काहीतरी हवं असतं. यांना काही नको असतं. झॉम्बी." हा शब्द ते फार आदराने उच्चारायचे. "येतात, आणि आपापल्या घराच्या दारात उभी राहतात."

"आणि चावतात."

मीटरच्या जागी किलो लिहिणाऱ्या मुलाकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चावणं हा लेखकाचा आळस आहे. चावला की प्रश्न मिटला. पळा, मारा, घरी जा. पण नाहीच चावला तर? नुसता दारात उभा राहिला तर? काय कराल?"

"दार लावीन."

"नाही लावणार. तुम्ही म्हणाल, 'या, बसा.'" मग ते जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी निघणार, तेवढ्यात पुढचं आलं. "आणि तो बसेल. आता पुढे? 'या, बसा' म्हणायची पद्धत आपल्यात आहे. 'उठा आता' म्हणायची नाही. यातच सगळी भीती आहे."

तेव्हा मी हसले. त्याच संध्याकाळी माझ्या सासूबाईंचे एक लांबचे मामेभाऊ सहा वाजता "सहज" म्हणून आले आणि साडेनऊपर्यंत बसले. आम्ही दोनदा चहा दिला, एकदा पोहे दिले, टीव्ही बंद केला, पुन्हा लावला, जांभया दिल्या. उठा कोणी म्हणालं नाही. सव्वानऊला माझ्या अंगावर खरोखरच काटा आला. सरांच्या कथेला मी मानायला लागले ती तेव्हापासून, पण हे त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा जिन्यात थांबावं लागलं असतं.

सिनेमाचं नावही 'या, बसा' असंच ठेवलं होतं. सिनेमा करायचा हे सरांच्या मनात कॉलेजात असल्यापासून. आधी नोकरी आली, मग मुलाचं शिक्षण, मग वडिलांचं आजारपण. शेवटी पासष्टाव्या वर्षी, लग्नांचे व्हिडिओ काढणाऱ्या एकाकडून त्यांनी जुना कॅमेरा घेतला. त्यात कोणाच्या तरी लग्नातला स्टेजवरच्या फोटोंचा वीस मिनिटांचा भाग पुसायचा राहिला होता. सरांनी तो मला घरी बोलावून दाखवला. "बघा, कोणीही कोणाकडे बघत नाहीये. काय काम केलंय!" असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

त्यांना हवं होतं ते एवढंच, की आपला सिनेमा खऱ्या थिएटरात, अंधारात, अनोळखी माणसांनी एकदा बघावा. एकच खेळ. पण अनोळखी माणसांनी. "ओळखीचे शेवटी 'छान' म्हणतात. त्याचा काही उपयोग नसतो," असं त्यांचं म्हणणं होतं. एवढ्या संथ माणसाला एवढं एकच वेड होतं, आणि त्यात ते कोणाचं ऐकायचे नाहीत.

मुडदे म्हणून त्यांच्या मनात पहिल्यांदा आम्ही होतो. मी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एका सकाळी पावणेसातला सर आमच्या बसच्या थांब्यावर येऊन उभे राहिले. आम्ही तेवीस जण रांगेत होतो. गळ्यात पट्टे, कानात इअरफोनची बोंडं, माना खाली. बस आली, एकामागून एक चढलो, बसलो. सर खिडकीतून आत डोकावत राहिले. संध्याकाळी भेटल्यावर म्हणाले, "नाही जमायचं. लोकांना अतिशयोक्ती वाटेल."

मग त्यांनी सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी गोळा केली. हे मात्र चुकलं असं सगळ्यांनाच आधी वाटलं. सरांच्या सूचना तीन होत्या. हळू चालायचं, डोळे स्थिर ठेवायचे, तोंड बंद ठेवायचं. पहिल्या सूचनेची गरजच नव्हती. दुसरीचं काम बरंच मोतीबिंदूने करून ठेवलं होतं. अडलं ते तिसरीपाशी. सत्तरी ओलांडलेल्या सतरा पुणेकरांना एकत्र आणून गप्प राहा म्हणणं, हे सरांनाच सुचू जाणे.

प्रसंग असा होता, की सतरा मेलेली माणसं फाटकातून सोसायटीत शिरतात. पहिल्या वेळी एक मुलगी उलट्या बाजूने स्कूटर घेऊन आली. मुडद्यांपैकी तिघांनी तिला अडवलं. "अहो ताई, ही यायची बाजू आहे का? आम्ही मेलेले दिसतो म्हणून काय झालं?" दुसऱ्या वेळी दोन मुडद्यांचं, फाटकाजवळचं झाड बकुळीचं की आणखी कशाचं यावरून वाजलं. तिसऱ्या वेळी चाळीस सेकंद सगळं सुरळीत चाललं, आणि मग त्या बकुळीच्या वादातलेच सोवनीकाका रांगेतून बाहेर येऊन कॅमेऱ्यापाशी आले.

"निमकर, मी कशाने मेलोय?"

"म्हणजे?"

"म्हणजे हृदयविकार असेल, तर डावा खांदा पडलेला हवा. पडून मेलो असेन, तर लंगडायला हवं. तुम्ही नुसतं 'मेलात' म्हणता. याला दिग्दर्शन म्हणत नाहीत."

सोवनीकाका एक्क्याऐंशी वर्षांचे, पोस्टातून निवृत्त झालेले. बोलायचे थांबले असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शोकसभेत दोन मिनिटं मौन पाळलं, की दीड मिनिटाने "झाली बहुतेक" असा जो आवाज यायचा, तो त्यांचाच. त्यांच्याशी त्रेपन्न वर्षं संसार केलेल्या सोवनीकाकू म्हणायच्या, "मी या घरात फक्त 'हं' म्हटलंय. मान वर करून 'हं' म्हटलं की विषय वाढतो, म्हणून खाली बघून म्हणते." काका हे ऐकत असायचे आणि मधेच सुधारायचे, "चौपन्न. अधिकमास धरलास तर."

सरांना नेमके हेच मुख्य मुडदा म्हणून हवे होते. का, ते कोणालाच कळेना. "त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी थांबलेलं आहे," असं सर म्हणाले. थांबलेलं म्हणजे काय, तर पुढचं वाक्य. हे आम्ही सरांच्या पाठीमागे म्हणायचो.

उपाय सापडला तो अपघाताने. एका दिवशी सकाळी कॅमेऱ्याची बॅटरी संपली. सर ती चार्ज करणार, म्हणजे दुपार झाली. मंडळी जेवून आपापल्या घरी आडवी झाली. चारला दहा कमी असताना सरांना बॅटरी भरल्याचं लक्षात आलं, आणि ते कॅमेरा घेऊन सोवनींच्या दाराशी गेले. बेल वाजवली. दार उघडलं. समोर सोवनीकाका. गंजीफ्रॉक, उभे केस, गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटलेली, डोळे उघडे आणि आत कोणीही नाही. अर्धं मिनिट त्यांनी सरांना ओळखलं नाही आणि तोंडातून शब्द काढला नाही. सर मला सांगत होते, तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "चौतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. पण शोध लागला तो इथे."

त्या दिवसापासून चित्रीकरणाची वेळ ठरली. दुपारी चारला दहा कमी ते सव्वाचार. सर मजल्या-मजल्यावर बेल वाजवत हिंडायचे. "चला. अर्धवटच उठा. पूर्ण उठू नका." चूळ भरायची नाही, तोंड धुवायचं नाही, आणि चहा तर अजिबात नाही. चहाचा पहिला घोट पोटात गेला, की मुडदा जिवंत होतो, हे सरांनी सिद्धच केलं होतं. मंडळी तशीच खाली उतरायची आणि काय सुंदर चालायची! कोण कुठे निघालंय, कशाला निघालंय, काही पत्ता नाही. त्या पंचवीस मिनिटांत आमच्या सोसायटीचे सतरा ज्येष्ठ नागरिक खरोखरच मेलेले असायचे. सव्वाचारला गृहिणी चहाचे थर्मास घेऊन फाटकाशी यायच्या आणि सव्वीसाव्या मिनिटाला बकुळीचा वाद जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू व्हायचा.

रोज पंचवीस मिनिटं या हिशेबाने सिनेमा चौदा महिने चालला. सरांना ते भराभर झाल्यासारखं वाटलं.

त्यातला एक प्रसंग मी हजर असताना झाला. सोवनींच्याच घरात, डिसेंबरात. मेलेला नवरा घरी येतो, बायको सवयीने "या, बसा" म्हणून जाते, तो तिच्यासमोर खुर्चीत बसतो. एवढंच. बायकोचं काम काकूंनाच दिलं होतं. त्यांना पावट्याच्या शेंगा सोलत बसायचं होतं. "वहिनी, काहीही झालं तरी मान वर करायची नाही," असं सरांनी त्यांना तीन वेळा बजावलं. "तुम्ही एकदा जरी त्यांच्याकडे बघितलंत, की माझा सिनेमा संपला." काकू म्हणाल्या, "त्याची काळजी नको. सवय आहे." माझ्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून कुकरची शिट्टी होऊ न देण्याची जबाबदारी होती. तिथून मला फक्त काकूंची पाठ आणि ताट दिसत होतं.

तीन मिनिटांचं ठरलं होतं. तीन झाली, पाच झाली. सर थांबा म्हणेनात. शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. त्या अर्धा किलो शेंगा संपल्या, तेव्हा काकू आपणहून उठल्या आणि म्हणाल्या, "झालं का? मला फोडणी घालायचीय." घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. काका अकरा मिनिटं बोलले नव्हते. नंतर चहा मिळाल्यावर चाळीस मिनिटं एका दमात बोलले, ती गोष्ट वेगळी.

"थांबवायला कारणच सापडेना," सर म्हणाले. "काय ती नजर! संपूर्ण रिकामी. माझ्या सगळ्या विषयाचं सार त्या नजरेत आहे. मेलेल्याला काही नको असतं."

त्यानंतर तीनेक महिन्यांनी, एके दुपारी सोवनीकाका जेवून आडवे झाले ते चारला उठले नाहीत. शोकसभेत मौन पूर्ण दोन मिनिटं चाललं. मधे कोणी बोललं नाही, आणि ते फार लांबलं. तिथे रडायला आलं ते मला आणि बकुळीवरून त्यांच्याशी भांडणाऱ्या गृहस्थांना.

सिनेमा तोवर पुरा झाला होता. संकलन सर घरच्या संगणकावर करायचे आणि अडलं की मला हाक मारायचे. तो त्यांनी पुण्यातल्याच एका लहानशा चित्रपट महोत्सवाला पाठवला, आणि मे महिन्यात तिकडून उत्तर आलं. सिनेमा आवडला होता. विषय नवा वाटला होता. जूनमधल्या एका रविवारी सकाळी दहाचा खेळ, खऱ्या थिएटरात. फक्त सिनेमा एक तास पंचेचाळीस मिनिटांच्या आत हवा होता, आणि 'खुर्चीतला अकरा मिनिटांचा प्रसंग तीन मिनिटांत उरकता येईल' असं निवड समितीला वाटत होतं. तसं करून शुक्रवारपर्यंत पाठवायचं होतं.

सर पत्र घेऊन वर आले आणि आमच्या सोफ्यावर बसून राहिले.

"कापा सर," मी म्हणाले. "त्यात काही होतच नाही."

"तेच तर होतं त्यात."

"चाळीस वर्षं थांबलात. आता आठ मिनिटांसाठी अडणार? आणि खरं सांगू का, तिथे मलासुद्धा झोप येते."

हे मी बोलले. वाईट हेतूने नाही, पण बोलले. तिसऱ्या दिवशी सरांनी मला खाली बोलावलं आणि कुठून कुठपर्यंत ते दाखवलं. त्यांच्याच्याने बटण दाबवेना, म्हणून ते मी दाबलं. आठ मिनिटं गेली. सरांनी "हं" म्हटलं आणि पंखा बंद केला, मग पुन्हा लावला.

बुधवारी संध्याकाळी सोवनीकाकू सरांकडे आल्या. मीही तिथेच होते, कारण सिनेमा पाठवण्याचं काम माझ्याकडे होतं. "ह्यांचा तो सिनेमा झालाय म्हणे. थेटरात मला पायऱ्या चढवायच्या नाहीत. इथेच दाखवा," असं म्हणून त्या बसल्या.

आम्ही लावला. काकूंनी सतरा मुडद्यांची फाटकातली मिरवणूक बघितली आणि प्रत्येकाचं बनियन कोणी धुतलं असावं यावर मत दिलं. दुधाच्या प्रसंगाला "बाईचं लक्ष कुठंय!" म्हणाल्या. मधे थोडं पेंगल्या. मग त्यांचं स्वतःचं घर आलं, खुर्ची आली, काका आले. काकू ताठ बसल्या. तीन मिनिटांत तो प्रसंग गेला.

"थांबवा," काकू म्हणाल्या. "मागे घ्या ते."

मी मागे घेतलं.

"हे बघा. इथे ताटात मूठभर दाणे आहेत. आणि हे लगेच इथे, ताट भरलं. अर्धा किलो शेंगा तीन मिनिटांत? माझ्या सासूलाही जमलं नसतं, आणि ती बाई हाताला भलतीच चपळ होती." त्या सरांकडे वळल्या. "कापलंत तुम्ही."

"थोडं संकलन केलंय वहिनी. त्या लोकांचं म्हणणं..."

"मेलेल्या माणसाचं कापलंत?"

सरांनी वाक्य पुरं केलं नाही. या वेळी ते पुढे येणारही नव्हतं. त्यांनी मला खूण केली आणि मी आधीची पूर्ण प्रत लावली.

अकरा मिनिटं मी पहिल्यांदाच झोप न येता बघितली, कारण मी पडद्याकडे थोडं आणि काकूंकडे जास्त बघत होते. पडद्यावर काका बसले होते. पहिली दोन मिनिटं खरोखर रिकामी होती, झोपेतली. मग त्यांचे डोळे हळूहळू काकूंवर आले आणि तिथेच राहिले. हातांवर, शेंगांवर, पुन्हा चेहऱ्यावर. हललेच नाहीत.

"हे माझ्याकडे बघतायत," काकू म्हणाल्या.

"समोर बघायला सांगितलं होतं वहिनी. तुम्ही समोर होतात. ती रिकामी नजर आहे. म्हणजे विषयच असा आहे, की मेलेल्याला काही..."

"विषय राहू द्या तुमचा. त्रेपन्न वर्षं ओळखते मी या माणसाला. म्हणे रिकामी!" त्यांनी पदराने डोळे पुसले, आमच्यादेखत, काही लपवलं नाही. "इतका वेळ बघत होते. आणि मी मान खाली घालून शेंगा सोलतेय. तुम्हीच सांगितलंत मला, वर बघू नका म्हणून."

मला स्वतःची लाज वाटली. बटण मी दाबलं होतं.

जाताना काकू दारात थांबल्या. "अकरा मिनिटं," त्या म्हणाल्या, "आणि एक शब्द नाही! जिवंतपणी काही हे जमायचं नाही ह्यांना."

शुक्रवारी सरांनी महोत्सवाला पूर्ण प्रत पाठवली, बरोबर दोन ओळी. 'या प्रसंगातून काही काढता येणार नाही. आधी मलाही वाटलं होतं की येईल.' सोमवारी सभ्य शब्दांत नकार आला. नियमात बसत नव्हतं. त्यांचंही काही चुकलं नाही. 'या, बसा' त्या थिएटरात लागला नाही, आणि पुढे कुठल्याही थिएटरात लागला नाही.

मी चिडले. कोणावर चिडायचं ते कळेना, म्हणून सरांवर चिडले. "दोन प्रती ठेवायच्या होत्या ना! त्यांना छोटी, काकूंना मोठी. कोणाला कळलं असतं?"

"मला," सर म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी थांबले. आता मला थांबायची सवय झाली होती. "अहो, माझा विषयच चुकला होता. मेलेल्याला काही नको असतं म्हणत होतो. चौदा महिने म्हणत होतो. कॅमेऱ्याला दिसलं आणि मला नाही."

सोसायटीच्या हॉलमध्ये एकदा तो सिनेमा दाखवला. सेक्रेटरींनी वेळ दिली दुपारी तीनची. सव्वातीनला निम्मे प्रेक्षक झोपले होते आणि चारला जागे झाले, तेव्हा पडदा कुठला आणि खुर्च्या कुठल्या हे सांगणं अवघड होतं. शेवटी सगळ्यांनी "छान" म्हटलं. सरांनी सगळ्यांचे आभार मानले. त्यांचा पडलेला चेहरा मी पाहिला, आणि वेडेपणा म्हणून ज्याची आम्ही चौदा महिने टर उडवली तो माणूस मला त्या दिवशी फार आवडला. हेही त्यांना सांगायचं राहिलं.

त्या दिवाळीनंतर सर शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला, मुलाकडे राहायला गेले. उसाच्या शेताला लागून नवी इमारत आहे, सातवा मजला, दोन लिफ्टा. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते टेम्पो येण्याच्या आदल्या दिवशी, सोवनींच्या दिवाणखान्यात. टीव्ही भिंतीपासून पुढे ओढलेला आणि सर त्याच्यामागे ओणवे होऊन पेन ड्राइव्हचं भोक शोधत होते. मला मदतीला बोलावलं होतं, पण हात लावू देत नव्हते.

काकूंना सिनेमा लावता यायचा नाही, पुढे सरकवता यायचा नाही, म्हणून सरांनी तोड काढली होती. निवड समितीसाठी ज्यांना आठ मिनिटं काढवली नाहीत, त्यांनी काकूंसाठी एक तास एकोणचाळीस मिनिटं काढून टाकली होती. बाकीचे सोळा मुडदे गेले, फाटक गेलं, दूध गेलं, विषय गेला. टीव्ही सुरू केला की काका खुर्चीत बसलेले दिसायचे. अकरा मिनिटं झाली की पुन्हा पहिल्यापासून.

"आवाज वाढवा जरा," काकू म्हणाल्या.

"वहिनी, यात कोणी बोलत नाही."

"ठाऊक आहे मला. तरी वाढवा."

सरांनी आवाज वाढवला, आणखी वाढवला. शेंगा फुटल्याचा आवाज मोठा झाला, आणि त्याच्या मागून एक बारीक शीळ ऐकू आली. जायची, यायची. काकांच्या नाकातून येणारी. सरांनी कान टीव्हीला लावला.

"अरेच्चा! हा तर श्वास आहे," ते म्हणाले. "इतके दिवस ऐकू कसा आला नाही? मेलेला माणूस श्वास घेतोय वहिनी, केवढी चूक! द्या ते इकडे, रात्रीतून काढून देतो."

"हात तर लावून बघा," काकू म्हणाल्या.